ट्रेलरमधले ग्राफिक्स आणि हातात येणारा गेम: फरक का पडतो आणि खरी फसवणूक कुठे होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. जीटीए सिक्स या गेमचा दुसरा ट्रेलर बघून एकाने विचारलंय की हे ग्राफिक्स खरंच सोनीच्या पीएस५ कन्सोलवर चालणार आहेत का, की वॉच डॉग्स या गेमच्या वेळी झालं तसं रिलीजच्या दिवशी भलतंच काहीतरी पदरात पडणार, आणि ट्रेलरच्या भरवशावर आत्ताच कन्सोल घ्यावा का.

मी गेमसाठी लायटिंग आणि रेंडरिंगचं, म्हणजे सीनचं चित्र काढण्याचं, काम करतो, पुण्यात बसून बाहेरच्या स्टुडिओंच्या प्रोजेक्टवर, आणि ट्रेलरसाठी शॉट लावून देणं हाही त्या कामाचाच भाग असतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयावर लोक एकदम टोकाचं बोलतात. काहीजण म्हणतात सगळे ट्रेलर खोटेच असतात, काहीजण म्हणतात खाली इन-इंजिन, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच काढलेलं, असं लिहिलंय ना मग गेम अगदी तसाच दिसणार. दोन्ही चूक. माझं मत असं आहे की ग्राफिक्स डाउनग्रेड होणं, म्हणजे आधी दाखवल्यापेक्षा गेम साधा दिसणं, ही बहुतेक वेळा फसवणूक नसते, मशीनच्या ताकदीचं बजेट कळायच्या आधीच दिलेला शब्द असतो तो, आणि नंतर पाळता येत नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा विकायचं व्हर्जन तयार आहे, ते कसं दिसतं हे कंपनीला पक्कं माहीत आहे, आणि तरी ते झाकून दुसरंच दाखवलं जातं. हा फरक लक्षात ठेवला की कुठल्या ट्रेलरवर चिडायचं आणि कुठला सोडून द्यायचा हे आपोआप कळायला लागतं.

आता शॉट कसा बनतो ते बघू. ३० एफपीएसचा गेम म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे फ्रेम, आणि एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० असेल तर १६.७. एवढ्यात सगळं बसवायचं असतं, सावल्या, लाइट, रिफ्लेक्शन, धूर, केस, कपडे, शेवटी पोस्ट प्रोसेसिंग, आणि सीपीयूच्या बाजूला एआय, फिजिक्स, अ‍ॅनिमेशन, पुढच्या गल्लीतली टेक्श्चर्स (वस्तूंवर चढवायची चित्रं) डिस्कवरून मेमरीत आणणं. एक मिलिसेकंद जास्त लागला तरी फ्रेम चुकते आणि खेळणाऱ्याला झटका जाणवतो. ट्रेलरचा शॉट काढताना हे बंधनच नसतं. इंजिनला सांगायचं की वेळ फिक्स धर, प्रत्येक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, आणि ती फ्रेम काढायला तुला चार सेकंद लागोत नाहीतर दहा, आम्ही थांबतो. फ्रेम इमेज म्हणून सेव्ह होते, नंतर सगळ्या एकामागोमाग लावल्या की व्हिडिओ एकदम स्मूद. वर आणखी एक गोष्ट करतात, आठ-के रिझोल्यूशनमध्ये रेंडर करून चार-के वर आणतात, म्हणजे तारा, जाळ्या, केसांच्या कडा कुठेच दातेरी दिसत नाहीत. इंजिन तेच, मॉडेल तीच, लेव्हल तीच, त्यामुळे इन-इंजिन हा शब्द शंभर टक्के खरा आणि तरीही तुमचा कन्सोल ते चालवू शकणार नाही.

एक शॉट उघडून दाखवतो, सगळ्यांचा आवडता, रात्रीचा पाऊस, ओला रस्ता, वर निऑनच्या पाट्या, हीरो कॅमेऱ्याकडे पाठ करून चालतोय. रस्त्यावर पाट्यांचं जे लालनिळं प्रतिबिंब पसरलेलं दिसतं ते गेली कित्येक वर्षं बहुतेक गेममध्ये स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनने काढलं जातंय. म्हणजे काय, तर स्क्रीनवर आत्ता जे दिसतंय त्यातलंच उचलून रस्त्यावर उमटवायचं. स्वस्त पडतं आणि दिसतंही छान. पण खेळताना तुम्ही कॅमेरा जरा खाली वळवला की वरची पाटी स्क्रीनबाहेर जाते, आणि पाटीच नाही म्हटल्यावर तिचं प्रतिबिंबही रस्त्यावरून गायब होतं, रस्ता अचानक कोरडा काळा दिसतो. ट्रेलरमध्ये हे कधीच होत नाही कारण कॅमेऱ्याचा रस्ता आम्ही आखलेला असतो आणि पाटी फ्रेममध्ये राहील असाच आखलेला असतो. मग हीरोच्या खांद्यावरची ती पांढरी कडा. ती कुठल्याही पाटीमुळे किंवा दिव्यामुळे आलेली नसते, आम्ही त्याच्या मागे एक न दिसणारा लाइट लावलेला असतो जो त्याच्याबरोबर चालतो. खेळताना तुम्ही हीरोला कुठेही, भिंतीला चिकटवून, जिन्याखाली, कसंही उभं करणार, तिथे असा लाइट लावला तर भिंत उगाच चमकते, म्हणून तो काढावाच लागतो किंवा अगदी मंद करावा लागतो.

सावल्यांचं तर विचारूच नका. सावली पाडणारा प्रत्येक लाइट म्हणजे त्या लाइटच्या जागेवरून तो सगळा सीन पुन्हा एकदा काढणं आलं. गेममध्ये रस्त्यावर पन्नास दिवे दिसतात पण खरी हलती सावली त्यातल्या दोन-चारच देतात, बाकीचे नुसता उजेड टाकतात. ट्रेलरच्या शॉटमध्ये आम्ही फ्रेममधल्या सगळ्या महत्त्वाच्या दिव्यांना सावल्या चालू करतो आणि त्यांचं रिझोल्यूशनही वाढवतो. लांबच्या मॉडेलच्या जागी हलकं मॉडेल येणं, म्हणजे एलओडी, तेही बंद करून सगळीकडे सगळ्यात भारी मॉडेल लॉक करतो. कॅमेरा कुठे जाणार हे आधीच माहीत असल्यामुळे टेक्श्चर्स आधीच लोड केलेली असतात, तर खेळताना तुम्ही दीडशेच्या स्पीडने गाडी हाणत असता आणि बिचारं इंजिन पुढचा चौक वेळेत आणायला धापा टाकत असतं. यातली एकही गोष्ट वेगळी घेतली तर कुणी खोटं म्हणणार नाही. सगळ्या एकत्र आल्या की मात्र जे दिसतं ते खेळताना एकाही क्षणी दिसणार नसतं.

ट्रेलरच्या खाली जो बारीक मजकूर असतो त्याचा अर्थ यावरून लावायचा. सिनेमॅटिक किंवा सीजीआय म्हणजे गेमशी दिसण्याचा काही संबंध नाही, बाहेरच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने बनवलेली छोटी फिल्म आहे ती. इन-इंजिन म्हणजे वर सांगितलं ते सगळं चालतं. इन-गेम फुटेज यात बहुतेक वेळा गेममधल्याच कटसीन, म्हणजे आधीच ठरवलेले कथेचे प्रसंग, असतात. गेमप्ले म्हणजे कुणीतरी कंट्रोलर हातात घेऊन खेळलंय, पण कुठल्या मशीनवर ते लिहिलेलं नसेल तर मोठा पीसी धरून चाला. कॅप्चर्ड ऑन असं म्हणून मशीनचं नाव दिलं असेल तर त्या वाक्याला वजन असतं, कारण तिथे कंपनीने स्वतःला शब्दात बांधून घेतलेलं असतं.

जुन्यांतलं एक गाजलेलं प्रकरण किलझोन टू या गेमचं. ई थ्री हे गेमचं मोठं प्रदर्शन, साल २००५, सोनीची प्रेस कॉन्फरन्स, पीएस३ अजून बाजारात यायला दीड वर्ष होतं, आणि तिथे युद्धाचा असा काही व्हिडिओ दाखवला की लोक चाट पडले. गेम असाच दिसणार असा समज झाला आणि तो तेव्हा कुणी धड खोडलाही नाही. खरं म्हणजे ते प्री-रेंडर, म्हणजे आधीच काढून ठेवलेली फिल्म होती, स्कॉटलंडच्या ग्लासगोमधल्या अ‍ॅक्सिस अ‍ॅनिमेशनने केलेलं. आमच्या धंद्यात याला टार्गेट रेंडर म्हणतात, म्हणजे टीमला दाखवायचं की बाबांनो इथपर्यंत पोचायचंय. टीमसाठी ते फार उपयोगी असतं, गोंधळ होतो तो ते टार्गेट लोकांना गेम म्हणून दाखवल्यावर. गेम बनवणाऱ्या गुरिला गेम्सने मग त्यावर मान मोडून काम केलं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये गेम आला तेव्हा तो त्या व्हिडिओच्या बराच जवळ पोचला होता, आणि मला त्या टीमचं आजही कौतुक वाटतं, पण २००५ च्या त्या दिवशी दाखवलेली गोष्ट अस्तित्वात नव्हती हे खरंच आहे.

वॉच डॉग्स जरा वेगळं आहे आणि प्रश्नात त्याचंच नाव आहे म्हणून त्यावर थांबतो. ई थ्री २०१२. रात्रीचं शिकागो, वाऱ्यावर उडणारा कोट, हीरो सिग्नल हॅक करतो आणि चौकात गाड्या एकमेकांवर आदळतात, मग गोळीबार. तो डेमो खरंच पीसीवर चालणारा होता. पण तारीख बघा, जून २०१२. पीएस४ ची घोषणाच फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. म्हणजे पुढच्या पिढीचे कन्सोल येणार हे सगळ्यांना माहीत, ते किती ताकदीचे असणार हे अंदाजपंचे, आणि त्या अंदाजावर डेमो बांधलेला. नंतर गेम २७ मे २०१४ ला आला तेव्हा तो एकाच वेळी पीसी, पीएस४, एक्सबॉक्स वन आणि जुन्या पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वरही आला. पीएस३ मध्ये २५६ एमबी मेन मेमरी आणि २५६ एमबी ग्राफिक्स मेमरी होती. हो, एमबी. एकाच शहराचा आराखडा त्याही मशीनवर चालला पाहिजे म्हटल्यावर गर्दी, ट्रॅफिक, रस्त्यांची रुंदी, सगळ्यालाच कात्री लागते.

शिवाय तो डेमो म्हणजे आम्ही ज्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतो ते होतं. पुण्यात नवीन स्कीम बघायला गेलात की बिल्डर आधी सॅम्पल फ्लॅट दाखवतो, तसंच हे, एकच फ्लॅट नीट सजवलेला, बाकी इमारत अजून खड्ड्यात. एका चौकापुरतं सगळं बजेट एकाच ठिकाणी ओतता येतं. अख्खं शहर झालं की तेच ३३ मिलिसेकंद प्रत्येक गल्लीला पुरवावे लागतात, दिवसाही, रात्रीही, पावसातही, आणि खेळणारा कुठल्या वेळी कुठे जाईल याचा नेम नाही.

आणि तरीही वॉच डॉग्सवर लोक चिडले ते बरोबरच होतं असं मला वाटतं. गेम आल्यावर महिन्याभरातच एका मॉडरने, म्हणजे गेमच्या फाइल्समध्ये बदल करणाऱ्या हौशी माणसाने, पीसीच्या फाइल्स उचकून दाखवलं की ई थ्रीच्या वेळचे काही इफेक्ट, ब्लूम (उजेडाभोवतीची चमक), डेप्थ ऑफ फील्ड (लांबचं धूसर दिसणं), लाइटचं सेटिंग, हे आत तसंच पडून आहे, फक्त बंद केलंय. गेम बनवणाऱ्या यूबीसॉफ्टने उत्तर दिलं की स्थिरता, परफॉर्मन्स आणि खेळण्याच्या सोयीसाठी ते बंद केलं होतं. यातलं तांत्रिक कारण मी मान्य करतो, डेप्थ ऑफ फील्ड जास्त असला तर लांबचा शत्रू धूसर होतो आणि खेळणं अवघड जातं, असे निर्णय आम्हीही घेतो. पण ज्याने भारी पीसी घेतलाय त्याला एक स्विच द्यायला काय हरकत होती? आणि मुख्य म्हणजे २०१२ ते २०१४ या काळात गेम बदलत गेला तर ते उघडपणे सांगायला हवं होतं, ते लोकांना स्वतः शोधून काढावं लागलं.

विचर थ्रीच्या बाबतीत निदान नंतर बोलणं तरी झालं. डिसेंबर २०१३ मध्ये व्हीजीएक्स या पुरस्कार सोहळ्यात जो ट्रेलर आला तो आणि १९ मे २०१५ ला आलेला गेम शेजारी ठेवले की गवत, धूर, आग, उजेड सगळ्यात फरक दिसतो. गेम आल्यावर सीडी प्रोजेक्ट रेडच्या मार्चिन इविन्स्की आणि अ‍ॅडम बदोव्स्की यांनी युरोगेमर या वेबसाइटला मुलाखत दिली आणि बरंच मोकळेपणाने सांगितलं. आधीची लायटिंगची पद्धत छोट्या जागेत छान दिसत होती पण दिवसरात्र बदलणाऱ्या एवढ्या मोठ्या ओपन वर्ल्डमध्ये टिकेना, म्हणून रेंडरर बदलला, आणि धूर आणि आगीचे थर फार महाग पडत होते. हे दुसरं कारण लोकांना किरकोळ वाटतं पण धुरासारखं जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, जीव काढणारं दुसरं काही नाही. धूर म्हणजे एकावर एक रचलेले अर्धपारदर्शक कागद, प्रत्येक पिक्सेल तेवढ्या वेळा रंगवावा लागतो, आणि कॅमेरा धुरात शिरला की पूर्ण स्क्रीन तेवढ्या वेळा. ट्रेलरमध्ये धूर लांबून दिसतो. खेळणारा मात्र त्यात घुसतो. कन्सोल नसते तर गेम आणखी भारी दिसला असता का, यावरही ते म्हणाले की कन्सोलशिवाय एवढा मोठा गेम परवडलाच नसता, आणि धंद्याच्या हिशोबाने ते खरंच आहे.

लोक कधीकधी उगाच बोंब मारतात हेही सांगायला पाहिजे. २०१८ मध्ये पीएस४ च्या स्पायडरमॅनच्या एका सीनमध्ये आधी जिथे मोठं डबकं होतं तिथे नंतरच्या फुटेजमध्ये ते लहान दिसलं, आणि झालं, डाउनग्रेड डाउनग्रेड म्हणून आरडाओरडा. गेम बनवणाऱ्या इन्सोम्नियाकने सांगितलं की डबक्याचा आकार बदललाय, बाकी काही कमी केलेलं नाही, आणि गेम आल्यावर ते पटलंही. सीनमधली वस्तू बदलणं आणि इंजिनमधून क्षमता काढून टाकणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आर्ट डायरेक्टर शेवटच्या महिन्यापर्यंत डबकी, झाडं, सूर्याची जागा हलवत असतो, ते त्याचं कामच आहे. उलट बाजूचंही उदाहरण आहे, हेलो इन्फिनिट. जुलै २०२० मध्ये जो गेमप्ले दाखवला तो सपाट दिसत होता, त्यातल्या ब्रूट जातीच्या एका शत्रूच्या निर्विकार चेहऱ्यावर क्रेग नावाने मीम्स निघाले, मायक्रोसॉफ्टने गेम पुढे ढकलला आणि डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा तो दाखवल्यापेक्षा चांगला दिसत होता. प्रामाणिक फुटेज दाखवलं की मार कसा बसतो हे त्यात सगळ्या मार्केटिंगवाल्यांनी बघितलं, आणि मला याचं वाईट वाटतं, कारण कच्चं काम दाखवणाऱ्याला आपणच सोलून काढतो आणि मग सगळे चकचकीत ट्रेलर काढतात म्हणून तक्रारही आपणच करतो.

आता खरी फसवणूक. सायबरपंक २०७७, हाही विचर थ्रीवाल्या सीडी प्रोजेक्ट रेडचाच गेम. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४८ मिनिटांचा गेमप्ले आला, त्यावर वर्क इन प्रोग्रेस लिहिलेलं होतं, त्यातल्या आणि फायनलमधल्या फरकाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, दोन वर्षांत गोष्टी बदलतात. माझा आक्षेप शेवटच्या महिन्याबद्दल आहे. रिलीज १० डिसेंबर २०२०. त्याआधी रिव्ह्यू करणाऱ्यांना फक्त पीसीची कॉपी दिली गेली, स्वतःचं फुटेज वापरायला मनाई, कंपनीने दिलेल्याच क्लिप दाखवायच्या. गुंतवणूकदारांना सांगितलं गेलं की जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. आणि साध्या पीएस४ वर काय आलं हे ज्यांनी विकत घेतलं त्यांना विचारा, चेहऱ्यांवर टेक्श्चर लोडच होत नाहीयेत, फ्रेमरेट कोसळतोय, गेम क्रॅश होतोय. आठवड्याभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली, तो परत आला जून २०२१ मध्ये. इविन्स्की यांनी जानेवारीत व्हिडिओ करून माफी मागितली. इथे अंदाज चुकला असं म्हणायला जागा नाही, बनवणाऱ्यांकडे तेच मशीन आणि तोच गेम होता. दाखवायचे दात वेगळे ही म्हण इथे बसते, वॉच डॉग्सला पूर्णपणे बसत नाही. आणि मार कुणाला बसला, तर ज्यांच्याकडे नवीन मशीन घ्यायला पैसे नव्हते त्यांनाच, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर नजर ठेवणारी एएसए नावाची संस्था आहे. एलियन्स: कलोनियल मरीन्स हा गेम २०१३ मध्ये आला तेव्हा ट्रेलर आणि गेम यात इतकी तफावत होती की सेगा युरोपने ते मान्य करून ट्रेलरवर सूचना टाकायचं कबूल केलं, अमेरिकेत कोर्टात केसही झाली. नो मॅन्स स्काय या गेमच्या स्टीमवरच्या (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) पेजविरुद्ध त्याच संस्थेकडे २३ तक्रारी गेल्या होत्या पण नोव्हेंबर २०१६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्याच सुमाराला स्टीमने नियम कडक करून स्क्रीनशॉट म्हणून प्रत्यक्ष गेमचंच चित्र टाकायला सांगितलं. मोबाइलवर तुम्हाला ज्या जाहिराती दिसतात, पिन ओढून माणसाला वाचवायचं आणि डाउनलोड केल्यावर निघतो कँडी जुळवायचा गेम, त्यातल्या होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या जाहिराती २०२० मध्ये एएसएने बंद करायला लावल्या, खाली बारीक अक्षरात सगळी दृश्यं गेममधली नाहीत असं लिहिलेलं असूनही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या नियमांतही हेच तत्त्व आहे की मुख्य दावा दिशाभूल करणारा असेल तर खालच्या बारीक सूचनेने तो दुरुस्त होत नाही. म्हणजे हत्यार आहे, गेमसाठी ते वापरणारं कुणी दिसत नाही एवढंच.

आजकाल फसगत नवीन ठिकाणी होते. ट्रेलर चार-के म्हणून येतो, कन्सोलवरचा गेम आतून बऱ्याचदा १०८०पी किंवा १४४०पी च्या आसपास रेंडर होऊन वर ताणलेला असतो. स्थिर चित्रात फरक कळत नाही, पण हलणाऱ्या वस्तूच्या मागे पुसट शेपूट दिसतं, कुंपणाच्या जाळीवर मुंग्या चालल्यासारखं होतं. पीसीवर पाथ ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा मार्ग मोजण्याची जड पद्धत, लावून काढलेला ट्रेलर असेल, सायबरपंकचा २०२३ चा ओव्हरड्राइव्ह मोड घ्या, तर तो उजेड कन्सोलवर येतच नाही. उलट यूट्यूबचं कॉम्प्रेशन ट्रेलरचं नुकसानही करतं, पाऊस, गवत, धूळ असलेल्या सीनचा पार चिखल होतो, आणि चांगल्या टीव्हीवर खरा गेम त्याहून स्वच्छ दिसतो. ट्रेलर मोबाइलवर बघून ग्राफिक्स मस्त किंवा बेकार ठरवू नका, सहा इंचावर सगळंच चांगलं दिसतं.

जीटीए सिक्सकडे येतो. दुसरा ट्रेलर ६ मे २०२५ ला आला आणि गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने सांगितलं की तो पूर्ण पीएस५ वरून कॅप्चर केलाय, निम्मा गेमप्ले आणि निम्म्या कटसीन. वर म्हटलं तसं मशीनचं नाव घेतलं की शब्द वजनदार होतो. यांचा मागचा रेकॉर्डही चांगला आहे, रेड डेड टूचा गेमप्ले व्हिडिओ ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये गेम तसाच हातात आला. वॉच डॉग्सशी तुलना मला पटत नाही त्याचं कारण वेळ आणि मशीन. २०१२ मध्ये कन्सोल ठरलेलाच नव्हता, इथे पीएस५ २०२० पासून बाजारात आहे, तिचे १०.२८ टेराफ्लॉप्स (ग्राफिक्सच्या ताकदीचं माप) आणि १६ जीबी मेमरी बनवणाऱ्यांना तोंडपाठ आहे, आणि जुन्या पिढीच्या मशीनसाठी हा गेम जाहीरच केलेला नाही, म्हणजे मागे ओढणारं ते ओझं नाही.

तरी ट्रेलर कसा बघायचा ते सांगतो. कटसीनमधला घाम, केस, बाटलीतले बुडबुडे यांवर जाऊ नका, तिथे कॅमेरा आणि लाइट आमच्या हातात असतो आणि समोर दोनच माणसं असतात. गाडी चालवतानाचे, समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीचे, विमानातून शहर दिसतं ते शॉट थांबवून थांबवून बघा. मधल्या अंतरावरच्या माणसांच्या पायाखाली सावली आहे का की ते तरंगल्यासारखे दिसतात. लांबची झाडं कॅमेरा पुढे गेल्यावर एकदम बदलतात का. गाडीच्या काचेत जे दिसतंय ते समोरच्या रस्त्याशी जुळतंय का. कॅमेरा हीरोच्या मागे खांद्याच्या उंचीवर आहे का, खेळताना असतो तसा, की सिनेमातल्यासारखा खालून वर जातोय. अशा शॉटमध्ये जे दिसतं ते तुम्हाला मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. माझा अंदाज विचाराल तर पीएस५ वर दिसायला जवळपास हेच येईल आणि ३० एफपीएसला येईल, ६० ची अपेक्षा ठेवून कन्सोल घेणार असाल तर थांबा.

माझी खरी काळजी दुसऱ्या मशीनबद्दल आहे. हा गेम एक्सबॉक्स सिरीज एस वरही येणार आहे. आपल्याकडे ती २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आली, पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला, आणि पंधरा हजारांचा फरक म्हणजे अनेक घरांत तोच निर्णय होता. सिरीज एस मध्ये सुमारे ४ टेराफ्लॉप्स आणि १० जीबी मेमरी आहे. तिथलं एक सेकंदाचंही फुटेज दुसऱ्या ट्रेलरमध्ये नाही. सायबरपंकच्या वेळी पीएस४ चं फुटेज कुठे आहे हा प्रश्न आधी जोरात विचारला गेला असता तर कितीतरी जणांचे पैसे वाचले असते, म्हणून आत्ता तो सिरीज एसबद्दल विचारायला हवा, आणि रिव्ह्यू आले की ते कुठल्या मशीनवर खेळून लिहिलेत हे पहिल्या ओळीत बघायला हवं.

पैशाचं म्हणाल तर कन्सोल फक्त याच गेमसाठी घेणार असाल तर आत्ता घेऊ नका, गेमची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेलीये, तोवर ऑफर येतात, वापरलेली मशीन मिळतात. प्री-ऑर्डर करू नका, डिजिटल कॉपी संपत नसते. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे तो हक्क जातो, त्यामुळे कन्सोलवाल्यांनी बटण दाबायच्या आधीच खात्री करायची. पीएस५ असेल तर रिलीजच्या दिवशी दोन-तीन जणांचं सलग खेळतानाचं, एडिट न केलेलं फुटेज बघा आणि घ्या. सिरीज एस असेल तर डिजिटल फाउंड्रीसारखे गेमची तांत्रिक तपासणी करणारे लोक त्या व्हर्जनचं रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट मोजून दाखवेपर्यंत थांबा, सहसा काही दिवसांतच ते येतं.